गांजा सोडताना ऑनलाइन सोबतीचा कितपत उपयोग होतो, आणि आपल्या भागासाठी मराठी गट काढावा का?

सेकंड_शिफ्ट (बेळगाव तालुका)

सर्वांना नमस्कार. माझे वय २९. उद्यमबागेतील एका कारखान्यात मी सीएनसी मशीनवर काम करतो आणि वर्षातले बरेच महिने सेकंड शिफ्टला असतो. सुमारे ९ वर्षे रोज गांजा ओढत होतो. आज सोडून १६ दिवस झाले. घरी हे कोणालाही सांगितलेले नाही, कारण मी ओढतो हेच घरी ठाऊक नव्हते; निदान मी तरी तसे धरून चाललो होतो.

सोडल्यावर तिसऱ्या रात्री उशीचा अभ्रा घामाने इतका भिजला की तो काढून मी खिडकीच्या गजाला वाळत घातला. सातव्या रात्री स्वप्न पडले की मी जुन्या सोबत्यांबरोबर खाणीच्या काठावर बसून ओढतो आहे. जाग आली तेव्हा मी खरोखर बोटांचा वास घेऊन पाहिला. जेवण तर जातच नव्हते. शिफ्टवरून आल्यावर आईने झाकून ठेवलेली भाकरी सकाळी म्हशीला जायची. आपले डोके फिरत चालले आहे अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. त्याच आठवड्यात गांजा सोडणाऱ्यांच्या एका मोठ्या इंग्रजी ऑनलाइन गटात मी शिरलो आणि पाहतो तर तिथे शेकडो लोकांनी हाच घाम, हीच स्वप्ने आणि हीच उलटलेली भूक नोंदवलेली होती. मला तेवढ्यानेच निम्मे बरे वाटले.

त्या गटाचा दुसरा फायदा वेळेचा आहे. आपल्याकडे रात्रीचा एक वाजतो तेव्हा अमेरिकेत दुपार असते, त्यामुळे शिफ्ट सुटल्यावर मी काही लिहिले तर दहा मिनिटांत कोणीतरी उत्तर देते. परंतु अडचण भाषेची आहे, आणि ती केवळ व्याकरणाची नाही. ‘कशातच जीव रमत नाही’ हे मला इंग्रजीत सांगता आले नाही, म्हणून मी ‘कंटाळा येतो’ अशा अर्थाचे काहीतरी लिहिले. त्यावर एका भल्या गृहस्थाने मला चित्रकला शिकण्याचा सल्ला दिला. रात्री बारा वाजता तेलाने माखलेल्या हातांनी मी काय चित्र काढणार? शिवाय तेथील पुष्कळ लोक परवाना असलेल्या दुकानातून माल घेत होते. आपल्यासारखी कायद्याची धास्ती त्यांना नाही, आणि ‘अमक्याचा मुलगा’ म्हणून ओळखले जाण्याची धास्ती तर मुळीच नाही.

निपाणीचा एक आणि खानापूरकडचा एक असे दोघे मला त्याच गटात भेटले. आम्ही तिघे मिळून आपल्या सीमाभागासाठी एखादा मराठी गट सुरू करावा असा विचार चालू आहे. अशा गटाचा खरोखर उपयोग होतो का? झाल्यास तो कसा चालवावा? आणि असे लिहून ठेवल्याने पोलिसांचा ससेमिरा मागे लागू शकतो का? अनुभवी लोकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सोळा दिवस झाले आणि त्यांतला सातवा दिवसही पार पडला, हे मोठे काम झाले आहे. मला सोडून चार वर्षे होत आली. आपण जो गट काढू पाहत आहात तसाच एक गट मी २०२१ मध्ये काढला होता आणि तो आठ महिन्यांत मोडला. तो कसा मोडला हे सांगतो, कारण त्यातच आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आहेत.

आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला. माणसे चौदा होती. पहिले दोन महिने इतके चांगले गेले की रोज सकाळी ‘कालची रात्र गेली’ एवढे तीनच शब्द प्रत्येकाने लिहायचे, असा आपोआप रिवाज पडला होता. त्यानंतर कोणाच्या तरी ओळखीने पंधरावा माणूस आला. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. पंधराव्याच्या फोनमध्ये आमच्यातल्या एकाचा नंबर आधीच साठवलेला होता, कारण तो त्याच्या मामेबहिणीचा होणारा दीर निघाला. आपल्याकडे दहा गावांत सोयरीक पसरलेली असते. त्या माणसाने मुद्दाम काही केले असे मी म्हणत नाही, पण महिन्याभरात गोष्ट बैठकीपर्यंत गेली आणि लग्न लांबले. ज्याचे नाव फुटले तो मुलगा त्या वेळी पाच महिने पूर्ण स्वच्छ होता. त्यानंतर गटात लिहायला कोणी धजेना.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की व्हॉट्सअ‍ॅपवर हे करू नका. टेलिग्राम वापरणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन आपला नंबर ‘कोणालाही दिसू नये’ असे करा, आणि नंबरावरून आपल्याला कोणी शोधावे याचा पर्यायही फक्त आपल्या संपर्कांपुरता मर्यादित ठेवा, कारण तो पर्याय उघडा राहिला तर ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर आहे तो आपले खाते शोधून काढतो. स्वतःचा फोटो नको, देवाचाही नको. गावच्या देवाच्या फोटोवरून गाव कळते. आपल्या वरच्या मजकुरात उद्यमबाग, सीएनसी, सेकंड शिफ्ट आणि खाण एवढे सारे आले आहे. ओळखू पाहणाऱ्याला ते पुरेसे आहे, तेव्हा नव्या गटात तरी इतके लिहू नका.

दुसरा घाव विक्रेत्याचा होता. कोणीतरी गटाच्या आत राहून एकेकाला खासगीत ‘हवे असल्यास सांगा’ असे निरोप पाठवत होता. व्यसन सोडणाऱ्यांचा गट म्हणजे त्याच्या दृष्टीने गिऱ्हाइकांची तयार यादीच. त्यावरून मी शिकलो ते असे की नव्या माणसाला थेट आत घेऊ नये; आधी चालकांपैकी एकाने त्याच्याशी दोन-तीन वेळा बोलावे, आणि खासगी निरोप कोणाचा आला तर तो लगेच सर्वांसमोर मांडावा हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. मालाचे नाव, भाव, ठिकाण आणि फोटो यांना पूर्ण बंदी असावी. ओढण्याचे रसभरीत वर्णनही नको. आमच्याकडे एका रविवारी जुन्या आठवणी निघाल्या, पावसातली जांबोटीची सहल, चिलीम, साफी, सगळे आले, सर्वजण मनापासून हसले, आणि त्याच रात्री तिघे घसरले. मीही त्यांत होतो.

दिवस मोजण्याबद्दलही सावध राहा. इंग्रजी गटांत आकडा फार जपतात आणि सुरुवातीला त्याने बळ येते हे खरे आहे. मात्र ९० दिवसांनी एकदा पाय घसरला की आकडा पुन्हा शून्यावर येतो, आणि मग माणूस लाजेने गटच सोडतो. आम्ही पुढे आकडा वेगळ्या रीतीने मोजू लागलो. महिन्यातल्या तीस रात्रींपैकी किती रात्री गेल्या? एकोणतीस गेल्या असतील तर एकोणतीस लिहायचे. हे सर्वांना पटत नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या, गांजा सोडणाऱ्यांच्या ‘मारिजुआना अ‍ॅनॉनिमस’मध्ये दारू सोडणाऱ्यांच्या १९३५ च्या जुन्या चळवळीप्रमाणेच व्यसन सोडण्याच्या बारा पायऱ्या आणि संपूर्ण त्याग यांवर भर आहे, आणि ती शिस्त मानवणारी माणसेही मी पाहिली आहेत. त्यांच्या ऑनलाइन सभा असतात. तेथे आपले इंग्रजी मोडके असले तरी कोणी हसत नाही.

निवृत्त_मास्तर (हुक्केरी तालुका)

मी गांजा ओढलेला नाही. तीस वर्षे तंबाखू खाल्ली आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी सोडली, एवढ्याच अधिकाराने लिहितो.

आपण सर्व तरुण मंडळी फोनमध्ये आधार शोधता याचे मला नवल वाटते. आमच्या गावात दारू सोडलेली जी माणसे टिकली, ती माळ घातल्यामुळे टिकली. माळ म्हणजे काही जादू नव्हे. संध्याकाळी आठ वाजता, म्हणजे नेमक्या गुत्त्याच्या वेळेला, भजनी मंडळातला कोणीतरी दाराशी येऊन ‘चला’ म्हणत असे आणि गड्याला टाळ घेऊन जावे लागत असे. गळ्यातली माळ साऱ्या गावाला दिसत असल्यामुळे गुत्तेवालासुद्धा त्याला ग्लास द्यायला कचरत असे. हा चारचौघांतला धाक आणि चारचौघांतली माया नाव लपवलेल्या गटात कोठून येणार? आज एक नाव, उद्या दुसरे. शिवाय रात्री एक वाजता फोन पाहत बसल्याने झोप कशी येईल, हे मला समजत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

मास्तर, आपले दाराशी येऊन हाक मारण्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि आमच्या गटात नेमके तेच नव्हते. पण दारूचे आणि गांजाचे गावातले स्थान निराळे आहे. दारू सोडली असे उघड सांगता येते, कारण ती पीत होतो हे सर्वांना दिसलेले असते. गांजा लपून ओढलेला असतो आणि तो गुन्हाही आहे, म्हणून सोडल्याचे सांगायचे तर आधी ओढत असल्याचे कबूल करावे लागते. दुसरे असे की, रागावू नका, मला पहिली चिलीम एका मठाच्या ओट्यावर भजनाच्याच रात्री मिळाली होती.

वॉर्डातली_ताई (धारवाड)

मी मनोविकार विभागात परिचारिका म्हणून सतरा वर्षे काम केले आहे. माझे माहेर बेळगावचे. वरील सल्ल्यांपैकी बहुतेकांशी सहमत आहे. काही गोष्टी मात्र गटाच्या हाती सोडू नयेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सेकंड शिफ्टच्या दादांनी सांगितलेली लक्षणे ओळखीची आहेत. रोज ओढणाऱ्याने गांजा थांबवला की साधारणपणे एक ते तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी, झोपमोड, घाम, भूक मंदावणे आणि उदासी सुरू होते, पहिल्या आठवड्यात ती सर्वाधिक असते आणि बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत ओसरते. झोप आणि स्वप्ने यांना महिना किंवा त्याहून जास्त काळ लागू शकतो. गांजामुळे दबलेली स्वप्नांची झोप परत उसळते म्हणून स्वप्ने इतकी ठसठशीत पडतात. कित्येक वर्षे ‘गांजाची सवय शरीराला लागत नाही’ असे सांगितले जात असे. मात्र २०१३ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत गांजा सोडल्यानंतरच्या त्रासाची स्वतंत्र नोंद आहे. आपले डोके फिरलेले नव्हते.

एक गोष्ट या धाग्यावर अजून कोणी विचारलेली नाही. आपण गांजा तंबाखूत मळून ओढत होता का? आपल्या भागात बहुतेक जण सिगारेट किंवा विडी पोकळ करून त्यातच भरतात, आणि निपाणीच्या आसपास तर तंबाखूला तोटाच नाही. तसे असेल तर आपण एकाच दिवशी दोन गोष्टी सोडल्या आहेत आणि काही चिडचिड निकोटिनची असू शकते. गांजा सोडून साध्या सिगारेटी ओढत राहिलेले रुग्ण मी वारंवार पाहिले. हातात सिगारेट आली की बोटांना पुढचे काम आठवते. परदेशातल्या गटांत नुसता गांजा किंवा त्याचे खाण्याचे पदार्थ घेणारे पुष्कळ असतात, त्यामुळे हा धोका तेथे कोणी इतका ठासून सांगणार नाही. मराठी गट काढायला माझ्या मते हेच एक कारण पुरेसे आहे.

आता गटाच्या मर्यादा. कोणी गांजाबरोबर रोज दारूही घेत असेल तर दोन्ही एका झटक्यात बंद करण्याचा सल्ला गटाने देऊ नये. गांजा सोडण्याचा त्रास जिवावर बेतणारा सहसा नसतो, पण जास्त दारू अचानक थांबवल्यास आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि तेथे डॉक्टर हवेच. झोपेच्या गोळीचे नाव गटात कोणी कोणाला सांगू नये. एक व्यसन सोडताना दुसरे लागलेली माणसे आमच्या वॉर्डात होती. कानात आवाज येणे, घरचेच लोक आपल्यावर टपले आहेत असे वाटणे, हे ओढणे थांबवूनही चालू राहिले तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. वारंवार उलट्या होऊन गरम पाण्याच्या अंघोळीनेच तात्पुरते बरे वाटत असेल तर डॉक्टरांना गांजाचा इतिहास स्पष्ट सांगावा, कारण दीर्घकाळ ओढणाऱ्यांत असा विकार आढळतो आणि तो लपवल्यास पोटाच्या तपासण्यांतच पैसे जातात. जीव देण्याचे विचार येत असल्यास गटात लिहून उत्तराची वाट पाहू नये. १४४१६ हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे, निःशुल्क आहे आणि तेथे भाषा निवडता येते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा क्रमांक आहे.

गांजाचे व्यसन सोडवणारी म्हणून मान्यता मिळालेली गोळी आजमितीस नाही. उपयोग होतो तो बोलण्याच्या उपचारांचा. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यातही विचार व वर्तन बदलण्याचा उपचार आणि मनाची तयारी वाढवणारे समुपदेशन ही जोडी सर्वांत भरवशाची ठरली होती. गट या उपचाराच्या जागी बसत नाही. दोन भेटींमधले जे पंधरा दिवस रुग्ण एकटा असतो, तेवढी जागा तो भरतो, आणि ती जागा आम्हाला वॉर्डातून भरता येत नाही. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे; बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. फॉर्म कन्नडमध्ये असतो म्हणून परत फिरलेले मराठी रुग्ण मला माहीत आहेत. कृपया तसे करू नका. खिडकीवर मराठीत सांगितले तरी भरून देणारे कोणी ना कोणी निघते, आणि आपल्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवणे हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णालयावर बंधनकारक आहे.

पोलिसांबद्दल विचारले आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ प्रमाणे गांजाच्या सेवनाला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी अथवा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते. गटाच्या सभासदत्वाने हे संरक्षण मिळत नाही. उपचाराचे कागद मात्र उपयोगी पडतात. प्रत्यक्ष प्रकरण असल्यास वकिलांचा सल्ला घ्यावा.

वेदगंगेची_लेक (निपाणी)

माझा धाकटा भाऊ सोडतो आहे. मी अशाच एका गटात त्याच्या नकळत शिरले होते आणि त्याचे लिहिणे वाचत होते. एके दिवशी त्याने लिहिले, ‘घरी सर्वांना कळले आहे, पण कोणी बोलत नाही, आणि मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटते.’ मी गटातून बाहेर पडले आणि त्याच संध्याकाळी त्याच्याशी बोलले. घरच्यांना या गटात घेऊ नका. आमच्यासाठी वेगळा काढता आला तर पाहा. आणि सेकंड शिफ्टच्या दादांना एवढेच सांगते की उशीचा अभ्रा खिडकीच्या गजाला वाळत असेल तर तो आईने नक्कीच पाहिलेला आहे.

सेकंड_शिफ्ट (बेळगाव तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. ताई, होय, सिगारेटीतच भरत होतो, आणि सोडल्यापासून दिवसाला सहा-सात साध्या सिगारेटी चालू आहेत. हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही आजवर जोडून पाहिले नव्हते.

आम्ही तिघांनी काल रात्री बोलून असे ठरवले आहे की सध्या गट काढायचा नाही. तिघेच राहायचे, टेलिग्रामवर नंबर झाकून. चौथा आला तर तिघांपैकी एकाने आधी त्याच्याशी आठवडाभर बोलायचे. रात्री एकचे दुखणे इंग्रजी गटात मांडायचे, कारण तेथे कोणीतरी जागे असते, आणि सकाळी मराठीत तीन शब्द लिहायचे. मास्तरांची दाराशी येऊन हाक मारण्याची गोष्ट डोक्यातून जात नाही. कारखान्यातील एक वयस्कर सहकारी माझ्याच दिशेने सायकलवरून जातात. त्यांना कारण न सांगता ‘महिनाभर बरोबर जाऊ’ असे विचारले आहे. कारण त्यांनी विचारले नाही. माझे जुने सोबती तिसऱ्या रेल्वे गेटजवळ थांबतात, तेव्हा आमचा रस्ता थोडा लांबचा आहे.

जिल्हा रुग्णालयात सोमवारी सकाळी जाणार आहे, शिफ्ट दुपारी असल्याचा एवढा तरी फायदा.

निवृत्त_मास्तर (हुक्केरी तालुका)

सायकलवाल्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगावा. आज शिफ्ट सुटल्यावर दोन ओळी येथे लिहा. म्हातारपणी झोप तशीही कमीच असते.

सेकंड_शिफ्ट (बेळगाव तालुका)

मास्तर, रात्रीचे पाऊण वाजले आहेत. घरी पोहोचलो. आई जागी होती. अभ्र्याबद्दल मीच विषय काढला. तिने काही न बोलता दुसरी भाकरी तव्यावर टाकली. दीड खाल्ली.